आधी बॉडी बघा, मग गाणं

कोल्हापुरातल्या शाहूपुरीचे काका गेल्या रविवारी आले ते काखेत अ‍ॅम्प्लिफायर आणि खिशात एक थ्री-पिन प्लग घेऊन. प्लग त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला. वरची जाड पिन, म्हणजे अर्थची, करवतीनं कापलेली, वर कानस मारून गुळगुळीत केलेली. काम सफाईचं होतं, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

"ह्यो लावला की हम गायब," काका म्हणाले. हम म्हणजे स्पीकरमधून येणारा ‘गुंऽऽ’ असा आवाज. "तीस वर्षं लग्नं, जत्रा, प्रवचनं, समदं ह्याच्यावर वाजवलंय. कुणाला काय झालंय का?"

मास्तर म्हणाले, "काका, अर्थच काढून टाकल्यावर गाण्यात राहिलं काय?" मास्तर शाळेत मराठी शिकवायचे. हा विनोद त्यांनी आजवर दहा वेळा तरी केला असेल.

महिन्यातून दोन रविवार आम्ही पाचजण शिवाजी पेठेत माझ्या माळ्यावर जमतो. मी उद्यमनगरात एका फाउंड्रीत ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो. मोटरी, स्टार्टर, भट्टीचं पॅनेल हे पोटाचं काम, आणि जुने सेट, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर, ही हौस. काका साऊंड सर्व्हिसवाले. गणपतीत भिंतीएवढा ढीग लावून ज्याला आपल्याकडं ‘डॉल्बी’ म्हणतात त्यातले नव्हेत, तर कर्णे आणि आहुजा कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या जमान्यातले. मास्तरांकडं व्हॉल्व्हचे, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या तापून चालणारे, रेडिओ आहेत. दातांच्या डॉक्टर असलेल्या आमच्या डॉक्टरताईंकडं वडिलांनी अमेरिकेतून आणलेला स्टिरिओ आहे. आणि एक इंजिनिअरिंगचं पोरगं येतं, त्याला आम्ही नुसतं धाकटा म्हणतो.

त्या दिवशी वाद दोन तास चालला. त्यात जे बोललो ते, आणि आजवर या टेबलावर जे शिकलो ते, इथं लिहून काढतोय. कारण नवा माणूस सेट घेऊन येतो, आधी प्लग लावतो आणि मग विचारतो. हे उलटं व्हायला पाहिजे.

प्लग लावायच्या आधी

जुना सेट हातात आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो, की याची बॉडी कुठं बांधलेली आहे? बॉडी म्हणजे पत्र्याचा सांगाडा, ज्याला रेडिओवाले चेसिस म्हणतात. उत्तरं तीनच. एक, बॉडी अर्थिंगला बांधली आहे. दोन, ती कुठंच बांधलेली नाही, मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे आणि बॉडी अधांतरी आहे. तीन, ती सरळ लाइनला, म्हणजे बोर्डातून येणाऱ्या विजेला, बांधली आहे. तुमचा सेट यातला कुठला हे कळल्याशिवाय पुढचा एकही सल्ला कामाचा नाही. एका सेटला जे औषध, ते दुसऱ्याला विष.

ओळखायला मीटर, म्हणजे मल्टीमीटर, पुरतो. सेट बोर्डापासून सुटा. सेटचा स्वतःचा स्विच मात्र चालू स्थितीत. मीटर ओमवर ठेवून प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजा. ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर साधारण दहापासून पन्नासेक ओम दिसतात. ते प्रायमरीचं, म्हणजे लाइनकडचं, वाइंडिंग. आता एक टोक बॉडीला आणि दुसरं आळीपाळीनं एकेका पिनला लावा. दोन्हीकडं मीटर काहीच दाखवत नसेल तर बॉडी लाइनपासून सुटी आहे. कुठल्याही एका पिनला थोडे ओम दिसले तर थांबा. ती बॉडी लाइनला बांधलेली आहे.

व्हॉल्व्हच्या सेटला आणखी एक खूण असते. मागचं झाकण काढून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईएल८४, ईसीसी८३, ईझेड८० अशी ‘ई’नं सुरू होणारी नावं म्हणजे ६.३ व्होल्टचे हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारा, आणि ते चालवायला बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर असतोच. यूएल८४, यूसीएच८१, यूवाय८५ अशी ‘यू’ची माळ दिसली तर सावध व्हा. हे १०० मिलिअ‍ॅम्पिअरचे हीटर एकामागोमाग जोडून सरळ लाइनवर चालवतात. असे सेट एसी आणि डीसी दोन्हींवर चालायचे. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून तो घातलेलाच नसतो. स्वस्तही पडायचे.

तसलाच सेट आमच्या घरी होता. मी सतरा वर्षांचा होतो, जुलै महिना, शहाबादी फरशीला ओल सुटलेली. आवाजाचं बटण निखळून पडलं होतं, म्हणून मी उघडा दांडा चिमटीत धरून सांगली स्टेशनचा आवाज वाढवायला गेलो. हात सुटेना. आण्णांनी लाकडी पाटानं रेडिओच फळीवरून खाली पाडला. पाट मोडला, रेडिओ वाचला. आणि त्या दिवशी मला वीज शिकायची अक्कल आली.

मास्तरांचा रेडिओ

बॉडी लाइनला असलेल्या सेटला अर्थिंग जोडायचं नाही. हे मी दोनदा सांगतो, कारण चांगल्या हेतूनं थ्री-कोर वायर टाकून लोक बॉडी अर्थला जोडतात, आणि फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले की सरळ फेज टू अर्थ शॉर्ट होतो. अशा सेटचं संरक्षण म्हणजे त्याची पेटी. लाकूड किंवा बॅकेलाइट, मागचा पुठ्ठा, बटणं. सगळं जागेवर पाहिजे. बटणातला बारका स्क्रू सुद्धा दांड्याला टेकलेला असतो. म्हणून पूर्वी त्या भोकात मेण भरून यायचं. ते मेण खरवडून काढलं असेल तर मेणबत्तीचा थेंब सोडून पुन्हा भरा. मास्तरांच्या सेटला आम्ही देव्हाऱ्यातली मेणबत्ती वापरली, वहिनींना न विचारता.

प्लग असा लावायचा की बॉडी न्यूट्रलवर येईल. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कित्येक सेटांत स्विच एकाच वायरीत असतो. तो बॉडीकडच्या वायरीत असला तर सेट बंद केल्यावर बॉडी न्यूट्रलपासून तुटते आणि हीटरांच्या माळेतून फेज बॉडीवर येऊन बसतो. म्हणजे चालू असताना बरा, बंद केल्यावर वाईट. तेव्हा दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल स्विच लावा, आणि बोर्डाचंही बटण बंद करायची सवय लावून घ्या.

खरा उपाय म्हणजे एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. २३० आत, २३० बाहेर, पण मध्ये तांब्याचा संबंध नाही. रेडिओला १०० व्हीएचा भरपूर होतो. वाइंडिंगवाल्याला सांगून करून घ्या आणि स्पष्ट सांगा की दोन्ही वाइंडिंगं वेगळी पाहिजेत, ऑटो नको. त्याच्या बाहेरच्या बाजूची कुठलीच वायर अर्थला जोडू नका, नाही तर पैसे वाया.

आणि हल्लीचं नवं खूळ आहे ते वेगळंच. जुन्या रेडिओला ऑक्सचं सॉकेट बसवून त्यात मोबाईल लावायचा. सेट ‘यू’ माळेचा असेल तर त्या सॉकेटची बाहेरची कडी म्हणजे बॉडी, आणि बॉडी म्हणजे लाइन. चार्जिंगला लावलेला मोबाईल हातात धरून तुम्ही त्या साखळीत उभे. धाकट्यानं हेच करायचा बेत आखला होता, तो बिचारा वायरी घेऊनच आला होता. मी त्याच्या हातातून सोल्डरिंग आयर्न काढून घेतलं आणि पहिल्यांदा त्याला चहा आणायला पाठवलं.

दोन वायरींचा पत्र्याचा अ‍ॅम्प्लिफायर

बहुतेकांकडं असतो तो हा प्रकार. ट्रान्सफॉर्मर आहे, पत्र्याची पेटी आहे, आणि मागून बाहेर येते ती दोनच कोरची वायर. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी सेट असेच आहेत. नवे होते तेव्हा चालून गेलं. आता ट्रान्सफॉर्मरचा कागद चाळीस-पन्नास पावसाळे प्यायलेला आहे. वायरीचं रबर बोटानं चुरगळलं तर भुगा होतो. याला थ्री-कोर करा. अपवाद फक्त मागं चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या सेटचा. ते दुहेरी इन्सुलेशनचे असतात. त्यांना अर्थ लागत नाही, जोडूही नका.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचिक थ्री-कोर पुरते. आपली जुनी पद्धत तांबडा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. नवी पद्धत तपकिरी, निळा, हिरवा-पिवळा. अमेरिकन सेटमध्ये मात्र काळी म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. डॉक्टरताईंच्या सेटवर आमच्या काकांनी काळी बघून डोळे झाकून न्यूट्रल म्हटलं होतं, म्हणून सांगतोय.

अर्थच्या वायरीला स्वतःचा बोल्ट द्या. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टाखाली ती दाबू नका, कारण पुढं कुणीतरी ट्रान्सफॉर्मर काढतो आणि अर्थ तशीच लोंबते. बोल्टाच्या जागी पत्र्याचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत खरवडा. वायरीच्या टोकाला लग दाबून आणि सोल्डर करून घ्या, दातेरी वॉशर घाला, नट आवळा, वर दुसरा नट आवळा. ही वायर आत बाकी दोघींपेक्षा दोन-तीन बोटं लांब ठेवा. कुणी दोरी ओढली, पकड सुटली, तर सगळ्यांत शेवटी अर्थ तुटला पाहिजे. पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट आणि आत वायर धरणारी क्लॅम्प हवी. नुसती गाठ मारून भागवू नका. झालं की प्लगच्या जाड पिनेपासून बॉडीच्या कुठल्याही कोपऱ्यापर्यंत मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा आकडा वजा करून अर्ध्या ओमच्या आत आलं पाहिजे.

फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. मागच्या भिंतीवर फिरकीचा फ्यूज होल्डर असेल तर फेज त्याच्या अगदी आतल्या टोकाला जोडा, कडेच्या कडीला नको. नाही तर फ्यूज बदलताना बोट लागतं. फ्यूज केवढा? सेटवर लिहिलेला असेल तर तेवढाच. नसेल तर पाटीवरचे वॅट बघा. ८० वॅटला २३० नं भागलं तर ०.३५ अ‍ॅम्पिअर. अशाला मी अर्ध्या अ‍ॅम्पिअरचा स्लो-ब्लो घालतो, कारण ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जास्त ओढतो. काकांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काय निघालं विचारू नका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, नीट गुंडाळी करून. म्हणे एका जत्रेत रात्री दीड वाजता घातली होती. जत्रा कुठल्या सालची ते काकांना आठवेना.

आता एक बारका चोर. जुन्या सेटांत लाइनपासून बॉडीला एक कागदी कपॅसिटर जोडलेला असतो, रेडिओतली खरखर कमी व्हावी म्हणून. तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा असला तर अगदी नवा, निर्दोष असला तरी २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ३.४ मिलिअ‍ॅम्पिअर बॉडीवर येतात. दोन कोरच्या सेटला हात लावला की मुंग्या येतात त्या याच्यामुळंच. आणि तो जुना कागद फुटून शॉर्ट झाला तर मुंग्या नाहीत, पुरा फेज. हा कपॅसिटर कापून टाका. हवाच असेल तर वाय क्लासचा घाला, ०.००४७ चा. त्यातून जेमतेम एक तृतीयांश मिलिअ‍ॅम्पिअर येतो, आणि वाय क्लासचा माल बिघडला तर शॉर्ट होऊ नये असा बनवलेला असतो. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतो तो एक्स क्लासचा. दोघांची अदलाबदल करू नका.

सिरीज बल्ब

पहिल्यांदा वीज द्यायची ती सरळ बोर्डातून नाही, सिरीज बोर्डातून. होल्डर, सॉकेट, स्विच, एवढंच. बल्ब फेजच्या वायरीत, सेटच्या आधी. बल्ब पिवळा, तारेचा पाहिजे. एलईडी इथं काही कामाचा नाही. रेडिओला ६० वॅटचा, अ‍ॅम्प्लिफायरला १००चा. आता हे बल्ब मिळेनासे झालेत. दिसले तिथं चार घेऊन ठेवा. १०० वॅटचा बल्ब म्हणजे आत कितीही शॉर्ट असला तरी ०.४३ अ‍ॅम्पिअरच्या वर काही जाणार नाही.

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर बल्ब भपकन लागून लगेच मंद होतो. आतले मोठे कपॅसिटर भरले, बस्स. व्हॉल्व्हच्या सेटला आधी उजेड जास्त असतो, कारण हीटर गार असतात, मग तो उतरतो आणि थोड्या वेळानं किंचित चढतो. बल्ब पूर्ण पेटून तसाच राहिला तर बंद करा, शॉर्ट आहे. मंद होऊन पुन्हा हळूहळू वाढत गेला तर कपॅसिटर गळतोय किंवा बायस, म्हणजे आतला ठरवून दिलेला करंट, सरकलाय. मला हा तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा वाटतो, कारण तोवर माणूस चहाला उठलेला असतो.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालू करू नका. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो परत वाइंड करणारा हात शोधताना तुमचे केस पांढरे होतात. मागं व्होल्टेजची निवड करायची खुंटी असेल तर ती २२० वर नको, २४० किंवा २४५ वर ठेवा. रात्री आपल्या पेठेत व्होल्टेज चढतं, आणि हीटर त्यानंच मरतात.

इथं धाकट्यानं मला शंका विचारली. "काका, माझ्याकडं डिमरस्टॅट आहे, शून्यापासून हळूहळू चढवतो. मग बल्ब कशाला?" चढवायला डिमरस्टॅट बरा आहे. पण तो ऑटो ट्रान्सफॉर्मर आहे, आत एकच वाइंडिंग. न्यूट्रलची जागा उलटी झाली तर खुंटी शून्यावर असतानाही बाहेरच्या दोन्ही टोकांवर जमिनीच्या हिशेबानं २३० उभे असतात. डिमरस्टॅट आणि बल्ब दोन्ही वापरा. आणि बल्बच्या मागचा सेट सुरक्षित झाला असंही समजू नका. बल्ब सेटला वाचवतो, माणसाला नाही.

मग मोजायचं. पहिली मोजणी वीज न देता करायची, मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं. फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र बांधा, सेटचा स्विच चालू, आणि ५०० व्होल्टचा मेगर त्या जोडीत आणि बॉडीत. अर्थ अजून जोडलेला नसो की जोडलेला असो, दोन मेगाओमच्या खाली आला तर मी सेट पुढं नेत नाही. दुसरी मोजणी वीज देऊन, दोन कोरच्या सेटसाठी. एक किलोओमचा रेझिस्टर बॉडी आणि खात्रीचं अर्थिंग यांच्या मध्ये क्लिपनं लावा, वीज बंद असताना. मीटर एसी व्होल्टवर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना. आता सिरीज बोर्डातून सेट चालू करा. जितके व्होल्ट तितके मिलिअ‍ॅम्पिअर गळती. प्लग उलटा करून पुन्हा मोजा. अर्ध्याच्या वर गेलं तर मी सेट उघडतो. नुसता मीटर लावून बॉडीवर ११०-१२० व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका, तो आकडा पोकळ असतो. आणि टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून हातही लावू नका.

तुमचं अर्थिंग खरं आहे का?

काकांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागला. ते म्हणाले, "तुमी अर्थ अर्थ करताय, पर खेड्यातल्या बोर्डात तिसऱ्या भोकात वायरच नसती." खरं आहे. खेड्यात कशाला, आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी पट्टीतून दोनच वायरी येतात. सॉकेट तीन भोकांचं, पण वरचं भोक नुसतं शोभेला.

फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, असं आलं तर बरं लक्षण. पण मीटर करंट ओढत नाही, त्याला कुजकं अर्थिंगही चालतं. म्हणून फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब दोन-तीन सेकंद लावून बघा. भरभक्कम पेटला तर अर्थ आहे. मिणमिणला तर अर्थिंगचा खड्डा सुकलाय. घरात आरसीसीबी, म्हणजे अर्थकडं करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असेल तर तो लगेच पडेल, तेही चांगलंच. हे करताना फ्रिज, वॉशिंग मशीन यांना कुणी हात लावायचा नाही, त्यांचे प्लग काढूनच ठेवा. अर्थ कच्चा असेल तर तेवढा वेळ त्यांच्या बॉडीवर व्होल्टेज येतं.

न्यूट्रल ते अर्थ अगदी शून्य आलं, इस्त्री लावल्यावरही शून्यच राहिलं, तर बोर्ड उघडा. बहुधा कुणी वायरमननं सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला मारलेला असतो. मीटर खूश, गिऱ्हाईक खूश. एक दिवस मागं कुठंतरी न्यूट्रल सुटतो आणि त्या तुकड्यातून फेज थेट तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर येतो. नळाला वायर बांधून अर्थ करायचे दिवसही गेले. आता जमिनीखाली पीव्हीसी आहे. कोळसा-मिठाचा खड्डा करून घ्या आणि एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, वायरीला वाचवतो, माणसाला नाही. दहा मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास हात सुटत नाही, माझा सुटला नव्हता. एमसीबीला हे एवढे मिलिअ‍ॅम्पिअर दिसतही नाहीत.

हम कसा घालवायचा

आता काकांचा प्लग. हम दोन प्रकारचा. एक जाड, खालचा, ‘गुंऽऽ’ असा, ५० हर्ट्झचा. दुसरा थोडा चढा, कडक, १०० हर्ट्झचा. दुसरा बहुधा पॉवर सप्लायचा, कपॅसिटर म्हातारे झालेत. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तो जात नाही. पहिला येतो तो अर्थच्या फेऱ्यामुळं. माइक-गाणी एकत्र करणारा मिक्सर एका बोर्डातून अर्थ झालेला, अ‍ॅम्प्लिफायर मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डातून, आणि दोघांना जोडणारी गाण्याची वायर. तिच्या जाळीतून दोन अर्थांमधला फरक वाहतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. इनपुटची वायर काढली की तो बंद होतो, हीच त्याची ओळख.

पिन कापली की फेरा तुटतो, हम जातो. काका खोटं बोलत नाहीत. पण मग अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर एखाद्या दिवशी बॉडीला लागला तर? मी काकांचाच माइक उचलला आणि विचारलं, याची जाळी कुठं जोडलीय? वायरीच्या जाळीला. ती? अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीला. म्हणजे पिन कापल्यावर तो दोष जमिनीत जायला वाट शोधतो ती गाणाऱ्याच्या ओठांतून. पाऊस पडून गेलेला, बाई अनवाणी, एक हात मांडवाच्या लोखंडी खांबाला.

काका काही बोलले नाहीत. चहा मात्र सगळा प्यायले.

उपाय असे. सगळी साधनं एकाच बोर्डातून घ्या, लांब पडलं तर विजेची वायर लांबवा. बहुतेक हम इथंच मरतो. राहिला तर मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. गाणं पलीकडं जातं, अर्थ नाही. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आत आणखी एक करता येतं. इनपुटची, म्हणजे गाण्याची जमीन बॉडीपासून सुटी करा आणि दोघांमध्ये दहा ओमचा रेझिस्टर घाला. त्याला समांतर ३५ अ‍ॅम्पिअरचा ब्रिज रेक्टिफायर, प्लस-मायनस एकमेकांना जोडून, एसीच्या दोन टोकांवर. बारका हम दहा ओममध्ये अडतो, मोठा दोष आला तर ब्रिज वाट देतो. बॉडी मात्र अर्थला घट्ट, त्यात काहीही मध्ये नाही. गावात अर्थ नसेल तर आरसीसीबीचा स्वतःचा बोर्ड घेऊन जा. जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल खुंटीनं जमिनीत बांधलेला पाहिजे, नाही तर आरसीसीबी गप्प बसतो.

उघड्या सेटवर काम

इथं आरसीसीबी आंधळा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे-साडेतीनशे व्होल्ट डीसी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं असतात. तुम्ही एका हातानं ते आणि दुसऱ्यानं बॉडी धरली, तर करंट तिथल्या तिथं फिरतो, मुख्य लाइनला फरकच दिसत नाही. म्हणून चालू सेटवर एकच हात. दुसरा खिशात. अंगठी, साखळी, घड्याळ काढून. काळा क्लिप आधी बॉडीला लावून ठेवा आणि फक्त लाल प्रोब हलवा.

बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी काढू नका, कपॅसिटरचं आतून वाटोळं होतं आणि तुम्ही दचकून भलतीकडं हात मारता. मीटरच्या जुन्या प्रोबला दहा किलोओम, दहा वॅटचा रेझिस्टर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा, दुसऱ्या टोकाला क्लिप. ४७ मायक्रोफॅरड ३५० व्होल्टला भरलेला असेल तर पाच सेकंदांत रिकामा होतो. मग मीटरनं बघा. आणि काम होईपर्यंत क्लिप तिथंच राहू द्या, कारण हे कपॅसिटर थोडं थोडं परत भरतात.

डॉक्टरताईंचा सेट ११७ व्होल्टचा. त्यांनी घेतलेला स्टेप-डाऊन ऑटो निघाला, म्हणजे व्होल्टेज उतरलं पण लाइन तशीच पाठीशी. दोन वाइंडिंगांचा घ्यायला लावला. त्यांच्या टर्नटेबलची मोटर मात्र ६० हर्ट्झची, आपल्या ५० वर ती ३३⅓ ऐवजी सुमारे २८ नं फिरते. किशोरीताईंचा आवाज पुरुषासारखा यायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. पुलीला नवा व्यास करून द्यायला उद्यमनगरात लेथवाल्यांची वाण नाही.

पुरात बुडालेला सेट असेल तर घाई करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शाहूपुरीत शिरली तेव्हा काकांचे दोन अ‍ॅम्प्लिफायर चिखलात होते. वरून सुकलेला दिसतो, पण वाइंडिंगच्या कागदात पाणी महिनाभर राहतं. आम्ही ट्रान्सफॉर्मर सुटे करून स्वच्छ पाण्यानं चिखल काढला, आणि लाकडी खोक्यात बल्ब पेटवून त्यात ठेवले. रोज सकाळी मेगर. आकडा चढत जाऊन तीन-चार दिवस स्थिर राहिला, मगच पुढं. एक वाचला, एक नाही.

काम संपलं की मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवतो. तारीख, फ्यूज केवढा, बॉडी कुठं बांधली आहे, मेगर किती आला. मास्तरांच्या रेडिओत तांबड्या शाईनं लिहिलंय ‘बॉडी लाइनवर, अर्थ जोडू नये’. काकांच्या अ‍ॅम्प्लिफायरला मी नवा प्लग लावून दिला. कापलेला प्लग मागितला तर म्हणाले, असू दे, आठवण म्हणून ठेवतो. तो त्यांच्या खिशातच गेला. पुढच्या रविवारी येतील तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा खिसा तपासणार आहे.